सांगलीत चांदीचा टाक घ्यायचा तर: ट्रेमधला की ठशाचा?

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर देवाचा टाक मागितला की बहुतेक दुकानांत काउंटरखालून एक ट्रे वर येतो. भवानी, खंडोबा, जोतिबा, वीर, सगळे ओळीने मांडलेले, सगळे चकचकीत, आणि सगळ्यांचे चेहरे एकाच घरातले वाटावेत असे. वजन करायचं, पैसे द्यायचे, डबी घ्यायची. हा डायचा टाक. दुसरा टाक ट्रेमध्ये नसतो. तो सांगून करून घ्यावा लागतो, दुकानदार काम मागच्या गल्लीतल्या सोनाराकडे पाठवतो, आणि मजुरीचा आकडा ऐकून गिऱ्हाईक बहुधा पुन्हा ट्रेकडे वळतं. हा ठशाचा टाक.

आमचं मत आधीच सांगतो. रोज गंध लागणार, सणावाराला अभिषेक होणार, नवरात्रात घटावर बसणार अशा देव्हाऱ्यासाठी ठशाचाच घ्यावा, मजुरी दुप्पट पडली तरी. मुलगा नोकरीला बाहेरगावी निघाला आहे, त्याच्या बॅगेत एक भवानी द्यायची आहे, एवढंच असेल तर डायचा चालेल. यात हातकामाबद्दलच्या भावनेचा प्रश्न नाही. फरक पत्र्यात आहे आणि तो मोजता येतो.

डायच्या टाकाला पोलादी डाय, म्हणजे दाबाचा साचा, लागतो. हल्ली ही डाय कॉम्प्युटरवर कोरलेली असते, त्यामुळे रेघ स्वच्छ येते, हे मान्य करायला हवं. पण प्रेसमध्ये पत्र्याची कड आवळून धरतात आणि एका दणक्यात चित्र उठवतात. कड आवळलेली असल्यामुळे बाहेरची चांदी आत सरकत नाही. जिथे उठाव जास्त, तिथला पत्रा जागच्या जागी ताणला जाऊन पातळ होतो. म्हणजे देवीचं नाक, कपाळ, घोड्याची मान आणि गुडघा. रोज गंध लावताना अंगठा फिरतो तो नेमका इथेच. त्यात हे टाक साधारण ३८ गेजच्या पत्र्याचे, म्हणजे मुळातच ०.१५ मिमी जाडीचे. नाकाच्या शेंड्यावर त्यातलं किती उरत असेल ते सांगायला नको. आधी नाक सपाट होतं, मग टाचणीएवढं भोक पडतं आणि त्यातून टाकाच्या पोटात भरलेली लाख दिसू लागते. अशा टाकाची दुरुस्ती होत नाही. भोकावर डाक लावायला, म्हणजे धातू वितळवून ते बुजवायला, आच दिली तर पोटातली लाख उकळून बाहेर येते.

ठशाच्या टाकाला पत्रा ३० गेजचा, म्हणजे सुमारे ०.३ मिमीचा घेतात, आणि चांदी शुद्ध लागते, ९९ टंचाच्या वरची. ‘९२.५ची घ्या, मजबूत असते’ असा सल्ला काउंटरवर मिळतो. अंगठीला, कडीला तो बरोबर आहे, टाकाला नाही. ९२.५ मध्ये उरलेला भाग बहुतेक तांब्याचा असतो. असा पत्रा हातोड्याखाली लवकर कडक होतो आणि खोल जागी चिरतो. शिवाय दर वेळी तावताना त्यातलं तांबं पृष्ठभागाखाली काळवंडतं. वरून कितीही पॉलिश केलं तरी चेहऱ्यावर राखाडी डाग राहतात. दागिन्यावर ते नक्षीत लपतात, देवाच्या गालावर लपत नाहीत.

पत्रा तावणं, म्हणजे तापवून मऊ करणं, ही या कामातली पहिली परीक्षा. चांदी ९६२ अंशांना वितळते. तावायला साधारण ६०० ते ६५० अंश पुरतात, आणि त्या वेळी पत्र्यावर जेमतेम मंद लाली येते. भर उजेडात ती लाली दिसतच नाही. म्हणून जुन्या सोनाराची शेगडी दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात असते. उजेडात तावणारा माणूस लाली दिसेपर्यंत थांबतो आणि तोवर एवढ्या पातळ पत्र्याचा कोपरा गोळा होऊन बसलेला असतो. तावलेला पत्रा पाण्यात बुडवला तरी बिघडत नाही, चांदी पोलादासारखी पाण्याने कडक होत नाही.

मग ठसा. तो कांस्याचा किंवा पितळेचा असतो आणि त्यात चित्र खोलगट, उलटं कोरलेलं असतं. त्यावर पत्रा, पत्र्यावर शिशाचा जाड तुकडा आणि शिशावर हातोडा. शिसं मऊ असल्यामुळे प्रत्येक खाचेत शिरतं आणि जाताना चांदीला सोबत घेऊन जातं. घाव मध्यापासून सुरू करायचे आणि बाहेर सरकायचं. कड मोकळी सोडलेली असते, त्यामुळे चित्र खोल जाईल तशी कडेची चांदी आत ओढली जाते आणि नाकाचा पत्रा फारसा पातळ होत नाही. सगळा खेळ या मोकळ्या कडेचा आहे. तिचा तोटाही आहे, कडेला चुण्या पडतात. त्या दर फेरीला लाकडी हातोडीने बसवाव्या लागतात. चुणी एकदा दुमडून चेपली गेली की तिथे पत्रा फाटलाच समजा. एका फेरीनंतर पत्रा कडक होतो, तो पुन्हा तावायचा, पुन्हा ठशावर. उठाव किती त्यावर अशा तीन-चार फेऱ्या होतात.

घाईच्या कामात एक चूक हमखास होते. शिशाखालून काढलेल्या पत्र्याच्या खाचांत शिशाचे बारीक कण अडकलेले असतात. पत्रा तसाच तावायला आगीवर धरला तर शिसं चांदीत उतरतं, दोघांचा मिश्रधातू फार कमी उष्णतेला वितळतो आणि पत्र्याला किडीसारखी भोकं पडतात. एकदा पडली की तो पत्रा गेला. जाणता कारागीर शिसं आणि चांदी यांच्यामध्ये पातळ कागद किंवा कातडं घालतो, आणि दर फेरीनंतर तावण्याआधी पत्रा मागून-पुढून घासून घेतो. टाक तयार झाल्यावर ही चूक कशी ओळखायची? उजेडासमोर आडवा धरून चित्राभोवतीची सपाट जागा बघावी. देवी रोगाच्या व्रणांसारखे बारीक, काळसर खड्डे दिसले तर ते शिशाचेच. लाख भरलेली असल्यामुळे उजेड आरपार येत नाही, तरी खड्डा लपत नाही.

ठशावरून उतरलेला चेहरा बोथट असतो. इथून पुढचं काम पुढच्या बाजूने, राळेवर. राळ आणि चाळलेला विटेचा भुगा साधारण सारख्या वजनाने घेऊन त्यात थोडं तेल घालतात, आणि या बिछान्यावर पत्रा चिकटवून बारीक कलमांनी, म्हणजे छिन्नीसारख्या हत्यारांनी, डोळे, मुकुट, शस्त्रांच्या कडा, घोड्याचा लगाम उठवतात. तेलाचं प्रमाण ऋतूवर असतं. थंडीत जास्त लागतं, नाहीतर राळ तडकते. एप्रिल-मेच्या सांगलीत कमी, नाहीतर कलमाखाली पत्रा रुतत जातो आणि डोळ्याचा खड्डा होतो. हे प्रमाण कुठे लिहिलेलं नसतं. कारागीर नखाने दाबून बघतो आणि ठरवतो.

खरी अडचण ठशांची आहे. सोनारांकडे आहेत ते बरेचसे आजोबा-पणजोबांच्या वेळचे. ठसा कोरणारा माणूस शोधणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय, म्हणून जुन्या ठशावरून साचा घेऊन नवा ओतून घेतात. ओतकामात धातू आवळतो, रेघ बुजते, आणि नकलेची नक्कल केली की चेहऱ्याचा नुसता गोळा उरतो. त्यामुळे ‘ठशाचा’ म्हटलं म्हणजे उत्तमच, असं अजिबात नाही. ऑर्डर देण्याआधी ठसा बघायला मागावा. त्यात मेण किंवा मळलेली कणीक दाबली की उठाव लगेच हातात येतो. बोटं, दागिने, डोळ्याची बुबुळं त्यात दिसली पाहिजेत. खरं सांगायचं तर नवी, कॉम्प्युटरने कोरलेली डाय घेऊन तिच्यावर ३० गेजचा पत्रा हाताने उतरवला आणि पुढून कलम फिरवलं, तर तो टाक जुन्या झिजक्या ठशाच्या टाकापेक्षा कितीतरी उजवा होतो. दोष डायमध्ये नाही, पातळ पत्र्यात आणि एका दणक्यात आहे.

ठसा मुळातच नसलेलं एखादं गावदैवत असेल तर तिसरा मार्ग उरतो: चित्र काढून सबंध टाक राळेवर हाताने उठवणं. मागून उठवायचं, राळ काढायची, तावायचं, उलटं चिकटवायचं, पुढून दाबायचं, पुन्हा तेच. वेळ आणि मजुरी दोन्ही भरपूर. चांगला फोटो किंवा जुना टाक दिल्याशिवाय हे काम सांगू नये.

चेहरा पुरा झाला की पोटात वितळवलेली लाख भरतात, मागे तांब्याचा पत्रा बसवतात आणि चांदीची कड त्यावर दुमडून ओपणीने, म्हणजे गुळगुळीत घोटणीने, घोटून बंद करतात. डाक लावत नाहीत, कारण आच लागली की लाख जळते. म्हणजे पाणी आत न जाण्याची सगळी भिस्त या दुमडीवर. चांगली दुमड तीन मिलिमीटरची, सलग, नख अडकणार नाही अशी. डायच्या टाकात ती दीड-दोन मिलिमीटरची असते आणि कोपऱ्यांवर कात्री मारलेली असते. पंचामृत शिरतं ते त्या कोपऱ्यातूनच. काही महिन्यांनी मागच्या कडेला हिरवी रेघ दिसू लागली की आतलं तांबं गंजायला लागलं म्हणून समजावं.

आता वजनाचं. पाच बाय चार सेंटिमीटरचा टाक घ्या. दुमडीसकट पत्रा धरला तर ३० गेजमध्ये चांदी भरते आठ ते नऊ ग्रॅम. ३८ गेजमध्ये तोच टाक चार ग्रॅमच्या आसपास. मागचं अर्ध्या मिलिमीटरचं तांबं नऊ ग्रॅम, लाख तीन-चार ग्रॅम. म्हणजे तराजूवर ठशाचा टाक २१ ग्रॅम दाखवतो आणि त्यातली चांदी निम्मीसुद्धा नसते. डायचा १७ ग्रॅम दाखवतो, चांदी चारच. काही दुकानं सबंध वजनाला चांदीचा भाव लावतात. समजा ग्रॅमला २०० रुपये भाव धरला, तर १७ ग्रॅमचे ३,४०० होतात आणि हातात आलेली चांदी ८०० रुपयांची. उरलेले २,६०० रुपये तांबं आणि लाखेला! या हिशेबाने ‘मजुरी नाही, फक्त वजन’ हा सौदा सगळ्यात महाग पडतो. ठशाचा टाक सांगताना अट घालावी: दुमडण्याआधी, लाख भरण्याआधी, नुसत्या चांदीच्या पत्र्याचं वजन करून बिलावर वेगळं लिहायचं, मजुरी वेगळी, तांबं-लाख वेगळं. सरळ व्यवहार करणारा सोनार याला नाही म्हणत नाही. जो ‘तसं आमच्यात नसतं’ म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढचं दुकान गाठावं.

शुद्धता तपासायची तर मशिनवर टाक ठेवून आकडा बघणं पुरेसं नाही. ते यंत्र वरचा अगदी पातळ थर वाचतं. तांब्यावर चांदीचा जाड मुलामा असेल तर आकडा छानच येतो. दुमडीच्या आतल्या कडेला कानशीचा एक हात मारून तिथे वाचन घ्यायला सांगावं. चांदीच्या हॉलमार्कला १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक, आला आहे, पण तो ऐच्छिक आहे, त्यामुळे टाकावर छाप नाही म्हणून लगेच संशय घ्यायचं कारण नाही. जत्रेच्या पालावर मिळणारे ‘जर्मन सिल्व्हर’चे टाक मात्र तांबं, निकेल आणि जस्ताचे. त्यात चांदीचा कणही नसतो.

चित्राकडे नीट बघावं, इथे फसगत सहज होते. खंडोबा, जोतिबा, म्हसवड-खरसुंडीचा सिद्धनाथ आणि घराण्याचा वीर, सगळेच घोड्यावर. दुकानात हाताला लागेल तो घोडेस्वार ‘हाच तुमचा’ म्हणून देतात. खंडोबाच्या टाकात बहुधा म्हाळसा सोबत घोड्यावर असते, पायाशी कुत्रा असतो आणि खाली दैत्य. जोतिबाच्या हातात डमरू-त्रिशूळ शोधावा. वीर एकटा. भवानी महिषासुराला मारणारी, तिचे हात मोजून घ्यावेत, कारण लहान ठशात आठाचे सहा झालेले सापडतात. घरातला जुना टाक सोबत न्यावा, नाहीतर निदान त्याचा स्वच्छ फोटो. कॉम्प्युटरवर कोरलेल्या डायमध्ये आणखी एक गंमत दिसते. सगळ्या देवांना मालिकेतल्या नटांसारखे गाल आणि कोरीव भुवया आलेल्या आहेत. पालच्या खंडोबाच्या भक्ताला ते पटेल की नाही, ज्याने त्याने ठरवावं.

या सगळ्याहून मोठं कारण म्हणजे जुनी चांदी नव्यात उतरवून मिळणं, आणि त्यासाठीच मागच्या गल्लीत जावं. पूर्वजांचे टाक झिजले की बदलायचे असतात, पण घरच्यांची इच्छा असते की तीच चांदी पुन्हा देव व्हावी. ट्रेवाला दुकानदार जुने टाक मोडीत घेतो, नवे देतो, आणि तुमची चांदी कुठल्यातरी गलाईच्या, म्हणजे चांदी गाळून शुद्ध करायच्या, भट्टीत इतरांच्या चांदीत मिसळते. ठशाचं काम करणारा सोनार तुमच्यासमोर जुना टाक उकलतो, लाख जाळतो, तांबं बाजूला करतो, पाच-सहा ग्रॅम जी निघेल ती चांदी लहान मुशीत वितळवतो आणि कमी पडेल तेवढी नवी घालतो. या टप्प्यालाही धोका आहेच. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू भरपूर शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते. कांडीच्या पोटात पोकळ्या राहतात, पत्रा काढताना त्या चपट्या होतात आणि पुढे तावताना फुगे बनून वर येतात. म्हणून मुशीत टाकणखार टाकतात, वरून कोळशाचा तुकडा ठेवतात आणि ज्योत मूस रिकामी होईपर्यंत हटवत नाहीत. जुन्या टाकाला कधी कुणी कथलाची डाक लावलेली असेल तर तो तुकडा आधी कापून टाकायला सांगा, नाहीतर कथलाने आणि त्यातल्या शिशाने सगळी चांदी ठिसूळ होते. जुन्या चांदीचा टंच कमी निघाला तर ती आधी शुद्ध करून घ्यावी लागते. गलाईचं काम देशभर पोचवलं ते विटा-खानापूर-आटपाडी भागातल्या माणसांनी, तेव्हा जिल्ह्यात याला माणसं कमी नाहीत. मात्र पाच-सहा ग्रॅमची गलाई वेगळी करून द्यायला फारसं कुणी तयार होत नाही, हे आधीच विचारून घ्यावं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी चांदीची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिथला जोर पैंजण आणि साखळ्यांवर. टाकासाठी सांगलीतच विचारलेलं बरं.

उणीवही सांगायला हवी. ठशाच्या कामात तारखा पाळल्या जात नाहीत. एका टाकाला दिवस-दीड दिवस पुरतो, पण सोनार एकटा असतो, आणि सोन्याचं काम आलं की चांदी मागे पडते. दोन कारागिरांच्या कामात हाताचा फरक असतो, त्यामुळे पाच टाकांचा संच एकाच माणसाकडून करून घ्यावा, नाहीतर चेहरे वेगळ्या गावचे दिसतात. पावती बऱ्याच ठिकाणी साध्या चिठ्ठीवर मिळते. पक्कं बिल मागावं, चांदीच्या वस्तूवर जीएसटी ३ टक्के आहे.

घरी आणल्यावर टाक उकळत्या पाण्यात घालू नये. खाण्याचा सोडा, अॅल्युमिनियमची फॉइल आणि गरम पाणी हा व्हिडिओतला उपाय चांदीच्या तांब्या-भांड्याला ठीक आहे, टाकाची मात्र लाख सुटून कडेतून बाहेर येते. बाटलीतल्या द्रावणात बुडवणंही नको, ते दुमडीत शिरतं आणि निघत नाही. राख, रांगोळी, टूथपेस्ट यांनी टाक उजळतो तो चांदी खरवडून. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ फडकं आणि लगेच कोरडं करणं एवढं नेहमीसाठी पुरतं. काळेपणा आलाच तर खडूची वस्त्रगाळ पूड. डबीत खडूचा तुकडा ठेवावा, तो ओल धरतो. रबरबँड कधीच लावू नये, त्यातल्या गंधकाने काळा पट्टा उमटतो. सोनाराकडे ‘उजळून’ आणताना तेजाबात बुडवू नका, हाताने घासा, असं स्पष्ट सांगावं.

काम सांगायचा काळ श्रावण. भाद्रपदात गौरींच्या मुखवट्यांची गर्दी, पितृपक्षात सोनार मोकळा असतो पण लोक देवाचं काम काढत नाहीत, आणि घटस्थापनेच्या आठवड्यात दिलेल्या टाकाला कलम धड लागत नाही. खंडोबाचा टाक असेल तर दिवाळी आटोपल्याबरोबर सांगावा, म्हणजे चंपाषष्ठीला हातात येतो. ताब्यात घेताना तो कानाजवळ धरून टिचकी मारावी. भरीव, मुका आवाज आला तर लाख सगळीकडे बसली आहे. कुठे पोकळ वाजलं तर तिथल्या तिथे परत द्यावा, कारण तिथलाच पत्रा पहिल्यांदा चेपतो.